राज्य व स्थानिक शासनात कामगिरी व्यवस्थापन: नव्याने काम हाती घेणाऱ्यांसाठी

अमेरिकेत ५० राज्ये आहेत, आणि काउंटी (राज्याखालचे जिल्ह्यासारखे विभाग), शहरे, गावे, शाळामंडळे व पाणीपुरवठ्यासारख्या एकेका कामासाठी स्थापन झालेली स्वतंत्र मंडळे मिळून सुमारे ९० हजार स्थानिक शासनसंस्था आहेत. रस्त्यावरचा खड्डा बुजवणे, नळाला पाणी पुरवणे, आगीच्या ठिकाणी बंब पाठवणे, अन्नसाहाय्याचा अर्ज तपासणे, छळाची तक्रार आलेल्या मुलाच्या घरी अधिकारी पाठवणे ही रोजच्या जगण्याशी जोडलेली कामे याच संस्था करतात. अशा एखाद्या संस्थेत विश्लेषक म्हणून, अर्थसंकल्प विभागात किंवा विभागप्रमुखाचा सहायक म्हणून नव्याने रुजू झालेल्या माणसाकडे पहिल्याच आठवड्यात बहुधा एक लांबलचक तक्ता सोपवला जातो. त्यात शंभरेक आकडे असतात, ते दर तिमाहीला इमानेइतबारे भरले जातात, आणि ते वाचतो कोण असे विचारले तर कोणालाच नीट सांगता येत नाही. हा लेख त्या माणसासाठी आहे.

कामगिरी व्यवस्थापन हा शब्द ऐकला की अनेकांना कर्मचाऱ्याचे वार्षिक मूल्यमापन आठवते. येथे तो अर्थ नाही. एखाद्या सेवेतून नागरिकांच्या पदरात नेमके काय पडावे हे ठरवणे, ते पडते आहे की नाही हे ठरावीक अंतराने मोजणे, त्या मोजमापावर अधिकार असलेल्या माणसांनी एकत्र बसून निर्णय घेणे आणि त्या निर्णयांचे पुढे काय झाले हे पुढच्या बैठकीत विचारणे, या चार गोष्टी मिळून कामगिरी व्यवस्थापन होते. बहुतेक संस्था दुसऱ्या गोष्टीपाशी, म्हणजे मोजण्यापाशी थांबतात आणि तेवढ्यालाच हे नाव देतात. माझ्या मते मोजमाप हा या कामाचा फार तर एक तृतीयांश भाग आहे, आणि तोही तुलनेने सोपा.

थोडी पार्श्वभूमी

शहराच्या कामाचे मोजमाप करण्याची कल्पना नवी नाही. क्लॅरेन्स रिडली आणि हर्बर्ट सायमन यांनी १९३८ मध्येच नगरपालिकांचे काम मोजण्याच्या पद्धतींचा अभ्यास मांडला होता. हे तेच सायमन, ज्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. न्यूयॉर्क शहरात १९७७ पासून महापौरांचा व्यवस्थापन अहवाल निघतो आणि तो काढणे शहराच्या सनदेनेच, म्हणजे शहराच्या मूलभूत कायद्यानेच, बंधनकारक केलेले आहे. मात्र आज या क्षेत्रात ज्या पद्धतीचा सर्वाधिक बोलबाला आहे ती १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस दलात सुरू झाली. आयुक्त विल्यम ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी ‘कॉम्पस्टॅट’ नावाच्या बैठका सुरू केल्या, ज्यांत प्रत्येक ठाण्याच्या प्रमुखाला आपल्या हद्दीतील गुन्ह्यांच्या ताज्या नकाशासमोर उभे राहून उत्तरे द्यावी लागत. अचूक व ताजी माहिती, प्रभावी डावपेच, त्वरित तैनाती आणि न थकता पाठपुरावा ही त्यांची चार सूत्रे होती. त्यानंतरच्या काळात न्यूयॉर्कमधील गुन्हे घटले हे खरे; पण त्याच काळात अशा बैठका नसलेल्या अनेक शहरांतही ते घटले, त्यामुळे श्रेय किती द्यायचे यावर अभ्यासकांचे एकमत नाही. नवख्या माणसाने ही शंका मनात जागी ठेवलेली बरी, कारण आपल्या आकड्यांबाबतही तिची गरज पडते.

२००० मध्ये बाल्टिमोरचे महापौर मार्टिन ओमॅली यांनी हीच पद्धत पोलिसांच्या बाहेर काढून शहराच्या सर्व विभागांना लावली आणि तिला ‘सिटीस्टॅट’ हे नाव दिले. २००७ मध्ये ते मेरीलँडचे राज्यपाल झाले तेव्हा राज्यपातळीवर ‘स्टेटस्टॅट’ आले. वॉशिंग्टन राज्यात राज्यपाल क्रिस ग्रेगॉयर यांनी २००५ मध्ये अशाच धर्तीचा कार्यक्रम सुरू केला होता. नावे निरनिराळी असली तरी आतली यंत्रणा बरीचशी सारखीच आहे, आणि पुढील पायऱ्या त्याच यंत्रणेच्या आहेत.

पहिली पायरी: एकच सेवा निवडा

सर्व विभागांसाठी एकदम निर्देशक, म्हणजे कामगिरी दाखवणारे मोजमापाचे आकडे, ठरवण्याचा मोह टाळावा. सुरुवातीला एकच सेवा घ्यावी, आणि ती निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. ते काम वारंवार होणारे असावे, म्हणजे महिन्याभरात पुरेशी नोंद जमते. त्याची नोंद कोठेतरी आधीपासून होत असावी, मग ती कितीही ओबडधोबड असो. आणि त्या विभागाचा प्रमुख निदान विरोधात तरी नसावा. बाल्टिमोरमध्येही सुरुवात भव्य उद्दिष्टांनी झाली नाही. कचरा उचलणाऱ्या विभागातील गैरहजेरी आणि जादा वेळेचा मोबदला यांसारख्या, वेतनपत्रकात आधीच असलेल्या आकड्यांपासून ती झाली. गैरहजेरी हे काही नागरिकांना हवे असलेले फलित नव्हे, पण तो आकडा त्याच दिवशी उपलब्ध होता आणि त्यावर प्रश्न विचारता येत होता, एवढे सुरुवातीला पुरेसे ठरले.

दुसरी पायरी: फलित एका वाक्यात लिहा

निवडलेल्या सेवेची साखळी कागदावर मांडावी. आधी साधने येतात, म्हणजे माणसे, वाहने, पैसा. मग त्यांच्याकडून होणारे काम. मग त्या कामातून मोजता येण्याजोगे जे बाहेर पडते ते. आणि शेवटी नागरिकाच्या आयुष्यात पडणारा फरक, म्हणजे फलित. रस्ते विभागाने किती टन डांबर वापरले हे साधन आहे, किती खड्डे बुजवले हे बाहेर पडलेले काम आहे, आणि रस्ता गाडी चालवण्यास सुरक्षित व सलग राहिला का हे फलित आहे. खड्डे बुजवल्याचा आकडा दरवर्षी वाढत असेल तर विभाग अभिमानाने तो सांगतो. पण रस्ते खिळखिळे होत चालल्यामुळेही तो वाढू शकतो, आणि तसे असेल तर तोच आकडा वाईट बातमी ठरतो.

फलिताचे वाक्य लिहिताना विभागाचे नाव वाक्याचा कर्ता होऊ देऊ नये, हा माझा एक साधा नियम आहे. ‘विभाग अर्जांची तत्पर छाननी करील’ हे फलित नव्हे. ‘पात्र कुटुंबाला ३० दिवसांच्या आत अन्नसाहाय्य मिळू लागेल’ हे फलिताच्या बरेच जवळ जाते. अन्नसाहाय्याच्या बाबतीत ही मुदत संघराज्याच्या नियमांनीच घालून दिलेली आहे: सर्वसाधारण अर्जासाठी ३० दिवस आणि अत्यंत निकडीच्या कुटुंबासाठी ७ दिवस. अंमलबजावणी मात्र राज्ये करतात, आणि काही राज्यांत ती काउंटीकडे सोपवलेली असते. आपल्या सेवेला अशी कायदेशीर मुदत आहे का हे पहिल्यांदा शोधावे, कारण ती असेल तर निम्मा वाद आपोआप मिटतो.

तिसरी पायरी: निर्देशक थोडे ठेवा, पण जोडीने ठेवा

ओरेगन राज्याची कहाणी या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे १९८९ मध्ये एक प्रगती मंडळ स्थापन झाले आणि राज्याची वाटचाल मोजण्यासाठी १९९१ मध्ये दीडशेहून थोडे अधिक निर्देशक ठरवण्यात आले. दोन वर्षांत प्रत्येक हितसंबंधी गटाने आपापला विषय त्यात घुसवला आणि संख्या अडीचशेच्या पलीकडे गेली. १९९७ मध्ये ती छाटून शंभराच्या आत आणावी लागली. एका राज्याला शंभरही पेलत नसतील, तर एका सेवेला चार किंवा पाच पुष्कळ झाले.

जोडीने ठेवण्याचे कारण असे की एकट्या आकड्याला ढकलत नेले की दुसरीकडे काहीतरी मोडते. अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचाच आग्रह धरला तर घाईत चुकीची रक्कम मंजूर होते किंवा कागद अपुरे म्हणून अर्ज फेटाळले जातात. म्हणूनच वेळेच्या निर्देशकाशेजारी चुकीच्या रकमेचे प्रमाण मोजावे लागते. अन्नसाहाय्यात संघराज्य शासन प्रत्येक राज्याचे हे प्रमाण दरवर्षी मोजते, आणि गरजेपेक्षा जास्त दिले तसेच कमी दिले या दोन्ही चुका त्यात धरते. खड्ड्यांच्या बाबतीत वेग आणि तोच खड्डा ९० दिवसांत पुन्हा उखडण्याचे प्रमाण ही जोडी चांगली आहे. जोडीतला दुसरा आकडा नेहमी पहिल्याची फसवणूक पकडणारा असावा.

चौथी पायरी: व्याख्या लिहून काढा

या पायरीवर नवखी माणसे सर्वांत कमी वेळ देतात आणि नंतर सर्वांत जास्त पस्तावतात. बाल्टिमोरने नागरिकांना खड्डा ४८ तासांत बुजवण्याची हमी दिली होती. तशीच हमी आपल्या शहराने दिली आहे असे समजू आणि ती मोजायला बसू. ४८ तास कधीपासून मोजायचे? नागरिकाने ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावर फोन केला तेव्हापासून, दूरध्वनी केंद्राने नोंद रस्ते विभागाकडे पाठवली तेव्हापासून, की मुकादमाने पथकाला काम नेमून दिले तेव्हापासून? शनिवार-रविवार धरायचे का? एकाच खड्ड्याबद्दल सात जणांनी फोन केला तर त्या सात तक्रारी की एक? रस्ता शहराचा नसून राज्य महामार्ग विभागाचा निघाला आणि तक्रार तिकडे पाठवली, तर ती आपल्याकडे ‘निकाली’ धरायची का? यांतल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बदलले की आकडा बदलतो, आणि ज्याला आकडा चांगला दिसायला हवा असतो तो आपल्या सोयीचे उत्तर गृहीत धरतो. त्यात लबाडी असतेच असे नाही. बहुतेक वेळा कोणी विचारलेलेच नसते.

एका ठिकाणी काम करताना माझ्यासमोर असा तक्ता आला होता ज्यात काही तक्रारी नोंदल्यापासून चार मिनिटांत निकाली निघाल्या होत्या. पथक तेवढ्या वेळात डेपोतूनही बाहेर पडले नसते. चौकशी केल्यावर कळले की पथके दिवसभर दिसतील ते खड्डे बुजवत, संध्याकाळी डेपोत परत आल्यावर लिपिक त्यांची यादी संगणकात चढवी, आणि चढवता चढवताच त्या नोंदी बंद करी. काम खरे होते, खड्डे खरोखर बुजले होते, पण तो वेळ कोणत्याही नागरिकाच्या प्रतीक्षेचा नव्हता. त्या नोंदी वेगळ्या काढल्याबरोबर विभागाची सरासरी जवळजवळ दुप्पट झाली. विभागप्रमुख चिडले, आणि ते स्वाभाविक होते. तीन वर्षे ते तोच आकडा शहराच्या निवडून आलेल्या परिषदेसमोर सांगत आले होते.

सरासरीबद्दलही येथेच सांगून टाकतो. समजा, एका आठवड्यात दहा खड्डे बुजवले आणि त्यांना अनुक्रमे ६, ९, १४, २०, २६, ३०, ३४, ४१, ४६ आणि २५४ तास लागले. सरासरी बरोबर ४८ तास येते, म्हणजे हमी जेमतेम पाळली असे दिसते. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, २८ तास येतो, म्हणजे नेहमीचा अनुभव सरासरी सांगते त्यापेक्षा पुष्कळच चांगला आहे. आणि एक नागरिक मात्र साडेदहा दिवसांहून अधिक काळ थांबला, जो या दोन्ही आकड्यांत दिसत नाही. त्याऐवजी ‘दहापैकी नऊ ४८ तासांच्या आत, आणि उरलेला एक अमुक कारणाने अडकला’ असे लिहिले तर बैठकीत बोलण्यासारखे काहीतरी हाती लागते. अग्निशमन दलांसाठीच्या राष्ट्रीय मानकातही पहिला बंब वाटेत २४० सेकंदांहून अधिक वेळ न घेता पोहोचावा ही अपेक्षा सरासरीने मांडलेली नाही. ९० टक्के वेळा हे साधले पाहिजे, अशी ती मांडली आहे. घर जळत असलेल्या माणसाला सरासरीचा उपयोग नसतो.

प्रत्येक निर्देशकासाठी एक पानाची नोंद करावी: काय मोजतो, घड्याळ कधी सुरू होते आणि कधी थांबते, काय वगळतो व का, माहिती कोणत्या प्रणालीतून येते, ती कोण काढतो, आणि व्याख्या बदलली तर कोणत्या तारखेला बदलली. हे पान विभागप्रमुखाने वाचून त्यावर सही करावी असा आग्रह धरावा.

पाचवी पायरी: आजचा आकडा आधी, उद्दिष्ट नंतर

उद्दिष्ट ठरवण्यापूर्वी निदान वर्षभरामागचा आकडा काढावा. हिवाळ्यात पाणी भेगांत शिरून गोठते, वितळते, पुन्हा गोठते आणि वसंताच्या तोंडाशी रस्ते उखडतात. म्हणून मार्चची तुलना फेब्रुवारीशी न करता मागच्या मार्चशी करावी. ज्या गावात महिन्याला पाचच घटना होतात तेथे टक्केवारी काढण्यात अर्थ नसतो, कारण एका घटनेने आकडा २० टक्क्यांनी उडी मारतो.

उद्दिष्ट कायद्यातून येऊ शकते, व्यावसायिक मानकातून येऊ शकते, किंवा सारख्या शहरांच्या तुलनेतून येऊ शकते. वॉशिंग्टन राज्याने मुलांच्या छळाच्या तातडीच्या तक्रारींसाठी २४ तासांत मुलाची प्रत्यक्ष भेट हे उद्दिष्ट ठेवले होते, आणि त्यातल्या एकाही शब्दाबद्दल संदिग्धता नव्हती. तुलना करायची असेल तर व्याख्या जुळतात का हे आधी पाहावे. नॉर्थ कॅरोलायनातील काही शहरे १९९५ पासून तेथील विद्यापीठाच्या मदतीने अशी तुलना करत आली आहेत, आणि त्या उपक्रमात मोठे काम खर्च व सेवा सर्वांनी एकाच पद्धतीने मोजण्याचे आहे. ‘दरवर्षी १० टक्के सुधारणा’ असे गोळाबेरीज उद्दिष्ट मात्र कोणाच्याही कामाचे नसते.

सहावी पायरी: बैठक

ही खरी पायरी. सिटीस्टॅटमध्ये प्रत्येक विभागाची बैठक साधारण दर दोन आठवड्यांनी होत असे. हे अंतर महत्त्वाचे आहे. तिमाही बैठकीत मागच्या वेळी काय ठरले होते हे सर्वांच्या लक्षातून गेलेले असते, आणि आकडेही शिळे झालेले असतात. लहान शहराला पंधरा दिवसांचा वेग झेपत नसेल तर महिन्याची बैठक चालेल. त्यापेक्षा लांबवू नये.

अध्यक्षस्थानी असा माणूस हवा ज्याला तेथल्या तेथे निर्णय देता येतो: महापौर, शहर व्यवस्थापक, राज्यपालांचा मुख्य सहायक किंवा उपमहापौर. विश्लेषकाने बैठक चालवायची नसते, तयार करायची असते. तयारी म्हणजे बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी तीन-चार पानांचे टिपण, ज्यात मागच्या बैठकीतील राहिलेल्या गोष्टी सर्वांत वर असाव्यात, त्यानंतर आकड्यांतले बदल आणि शेवटी विचारण्याजोगे पाच-सहा प्रश्न. हे टिपण विभागप्रमुखालाही आधी द्यावे की नाही यावर मतभेद आहेत. मी द्यावे या मताचा आहे. अचानक विचारलेल्या प्रश्नाला माणूस बचावाचे उत्तर देतो, आणि आधी कळलेल्या प्रश्नाला तो शोधून आणलेले उत्तर देतो.

खोलीत आणखी कोण बसले आहे यावर सगळे अवलंबून असते. वित्त, मनुष्यबळ, खरेदी, माहिती तंत्रज्ञान आणि विधी या विभागांची निर्णय घेऊ शकणारी माणसे प्रत्येक बैठकीला हजर हवीत. याचे कारण एका प्रसंगातून दिसेल. खड्डे बुजवण्याचा वेळ का वाढला असे विचारल्यावर रस्ते विभागाचे प्रमुख म्हणतात की पाचपैकी दोन ट्रक सहा आठवडे बंद आहेत. का बंद आहेत? सुटा भाग मिळालेला नाही. मागणी कधी केली? पाच आठवड्यांपूर्वी, पण रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असल्याने तीन पुरवठादारांचे दर मागवावे लागतात, आणि दोघांचेच आले आहेत. एवढ्यावर नेहमीच्या बैठकीत ‘खरेदी विभागाशी संपर्क साधून पाठपुरावा करावा’ असा शेरा पडतो आणि विषय संपतो. खरेदी विभागाचा अधिकारी त्याच टेबलाशी बसलेला असेल तर तो सांगतो की एकाच उत्पादकाकडे मिळणाऱ्या भागासाठी नियमांत सवलत आहे, अर्ज मात्र वेगळ्या नमुन्यात करावा लागतो. नमुना आज पाठवतो, शुक्रवारपर्यंत आदेश निघेल. डांबर, पथके, मुकादम यांपैकी कशातच दोष नव्हता. दोन कार्यालयांमधल्या एका कागदात तो होता, आणि कोणताही डॅशबोर्ड तो कागद दाखवू शकला नसता.

अध्यक्षांच्या हातात मोजकेच प्रश्न पुरतात. काय बदलले? का बदलले असे तुम्हाला वाटते, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही काय करून पाहिले? तुमच्या हाताबाहेर काय आहे? पुढच्या वेळेपर्यंत काय करणार? यांतला ‘कशावरून’ हा शब्द सर्वांत मोलाचा आहे. ‘माणसे कमी आहेत’ हे उत्तर प्रत्येक विभागात, प्रत्येक बैठकीत येते. ते अनेकदा खरेही असते, पण कोणत्या पाळीत, कोणत्या कामावर, किती, हे विचारल्याशिवाय त्यावर काही करता येत नाही.

स्वरूपाबद्दल एक इशारा. कॉम्पस्टॅटच्या बैठका कडक, प्रसंगी अपमानास्पद म्हणूनही ओळखल्या गेल्या, आणि काही ठिकाणी नेमके तेवढेच उचलले गेले. सर्वांदेखत एखाद्याचा पाणउतारा झाला की पुढच्या बैठकीपासून वाईट बातमी खोलीत येणे बंद होते. ती बाहेर तशीच असते, फक्त तुम्हाला सर्वांत शेवटी कळते. तितकाच बिघाड उलट टोकालाही होतो: विभाग रंगीत स्लाइड्स दाखवतात, सर्वजण अभिनंदन करतात आणि तासाभराने उठतात. माझा अनुभव असा की पहिल्या प्रकारच्या बैठका वर्षभरात बंद पडतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या दुर्दैवाने वर्षानुवर्षे चालू राहतात.

बैठकीनंतर एका दिवसाच्या आत एक पानाचे पाठपुरावा टिपण गेले पाहिजे: काय ठरले, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. लांबलचक इतिवृत्ताची गरज नाही. पुढच्या बैठकीचा पहिला विषय हेच टिपण असावे, आणि त्यातली एखादी ओळ तीन बैठकांत तशीच राहिली तर ती अध्यक्षांच्या नजरेस आणून देणे हे विश्लेषकाचे काम आहे.

सातवी पायरी: अर्थसंकल्पाशी सांधा

५० पैकी ४६ राज्यांचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. न्यूयॉर्क राज्याचे १ एप्रिलला, टेक्सासचे १ सप्टेंबरला, तर अलाबामा व मिशिगन यांचे १ ऑक्टोबरला. स्थानिक संस्थांच्या तारखा त्याहून वेगळ्या असू शकतात. आपल्या संस्थेची तारीख पाहून मागे मोजावे, कारण विभागांच्या मागण्या त्याआधी काही महिने तयार होतात आणि आकड्यांचा उपयोग व्हायचा असेल तर ते तेव्हा टेबलावर हवेत. मात्र ‘कामगिरी वाईट म्हणून निधी कमी’ असा यांत्रिक नियम कधीही सुचवू नये. बंब उशिरा पोहोचत असतील तर त्यावर उपाय एखादे अग्निशमन केंद्र बंद करणे हा नव्हे. कधी जास्त पैसा लागतो, कधी फक्त पाळ्यांची फेररचना पुरते, आणि कोणते लागू आहे हे आकडा स्वतः सांगत नाही.

आठवी पायरी: आकडे बिघडतात हे धरूनच चाला

सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले होते की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवाल तितका तो आकडा भ्रष्ट होण्याचा दबाव वाढतो. अटलांटाच्या सरकारी शाळांत ते फार वाईट रीतीने खरे ठरले. तेथे परीक्षेतील गुणांच्या उद्दिष्टांवर मुख्याध्यापकांची पदे आणि बक्षिसे टांगलेली होती. २०११ मध्ये राज्याने केलेल्या चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिकांतील फेरफारीशी संबंध असल्याचे नमूद झाले, आणि २०१५ मध्ये ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. ज्या मुलांना वाचायला जादा मदत हवी होती त्यांचे गुण कागदोपत्री चांगले असल्याने ती मदत मिळाली नाही, ही त्यातली सर्वांत क्लेशदायक बाब.

यावर तीन साधे उपाय करता येतात. वैयक्तिक बक्षीस किंवा शिक्षा थेट एका आकड्याला जोडू नये. दर महिन्याला निकाली काढलेल्या नोंदींपैकी वीसेक यादृच्छिकपणे निवडून प्रत्यक्ष जागेवर जाऊन किंवा तक्रारदाराला फोन करून पडताळाव्यात. आणि आकडा अचानक फार सुधारला तर अभिनंदनाआधी नोंदी तपासाव्यात. कर्मचारी संघटना असलेल्या ठिकाणी हे मोजमाप कशासाठी आहे व कशासाठी नाही हे त्यांना सुरुवातीलाच सांगावे. सेवेच्या शर्तींवर परिणाम होत असेल तर ती केवळ सौजन्याची बाब राहत नाही, विधी विभागाला विचारूनच पाऊल उचलावे.

नववी पायरी: लोकांसमोर ठेवणे

प्रत्येक राज्यात सार्वजनिक नोंदी नागरिकांना उपलब्ध करून देणारा कायदा आहे, म्हणून टिपण लिहिताना ते उद्या वर्तमानपत्रात येऊ शकते हे धरूनच लिहावे. न्यू ऑर्लिन्सने याच्याही पुढे जाऊन २०१० मध्ये ओसाड, पडक्या मालमत्तांबाबतच्या आपल्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवल्या, आणि २०१४ पर्यंत अशा १० हजार मालमत्ता कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. आपल्या गल्लीतल्या पडक्या घराचे काय झाले हे विचारायला नागरिक स्वतः येऊन बसत. सुरुवातीचे पाच-सहा महिने आकडे स्थिर होईपर्यंत बैठका आतल्या आत घेणे मला गैर वाटत नाही, पण प्रसिद्ध करण्याची तारीख आधीच ठरवून ठेवावी. मुले, रुग्ण किंवा साहाय्य घेणारी कुटुंबे यांच्याबद्दलचा आकडा फार लहान असेल तर त्यावरून व्यक्ती ओळखता येते; असे आकडे एकत्र करून द्यावेत.

दहावी पायरी: माणसे बदलतील याची तयारी

निवडणूक होते, नवे नेतृत्व येते आणि आधीच्या नेतृत्वाच्या नावाशी जोडलेला कार्यक्रम गुंडाळला जातो किंवा नव्या नावाने येतो. वॉशिंग्टन राज्यात २०१३ मध्ये राज्यपाल बदलल्यावर जुन्या कार्यक्रमाची जागा नव्याने घेतली. ओरेगनच्या मंडळाचा निधी २००९ मध्ये थांबला. याउलट न्यूयॉर्कचा महापौरांचा अहवाल अनेक महापौर येऊन गेले तरी निघत राहिला, कारण तो कोणा एकाच्या आवडीवर नाही, शहराच्या सनदेवर उभा आहे. आपल्या संस्थेत सनद बदलणे शक्य नसेल, तर निदान परिषदेचा ठराव करून घ्यावा आणि वार्षिक अहवालाची तारीख त्यात घालावी.

आपणही एक दिवस बदलून जाणार असतो. निर्देशकांच्या व्याख्यांची पाने, त्यांतल्या बदलांच्या तारखा, माहिती काढण्याची पद्धत आणि आजवरची सर्व पाठपुरावा टिपणे विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवावीत, स्वतःच्या संगणकावर ठेवू नयेत. आणि ते फोल्डर कोठे आहे हे विभागातल्या निदान दोघांना दाखवून ठेवावे.